शब्दचर्चा: ‘स्पेशल डिफेन्स’ आणि ‘इनक्रिमिनेशन’ (अनुवादाबद्दलचा संवाद; तळटीप, खाडाखोड, वाकळ, कलमदान ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

तळटीप: स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यातल्या ‘स्पेशल डिफेन्स’ला ‘विशेष बचाव’ चालेल का? त्यातला एक प्रकार ‘इनक्रिमिनेशन’. जुन्या लिखाणात त्याच अर्थी ‘इम्पीचमेंट’ येतो. त्याला काय म्हणावं?

खाडाखोड: ‘इम्पीचमेंट’ दिसला की हात सवयीने ‘महाभियोग’ लिहितो, तो आधी आवरा. इथे आरोपीचं म्हणणं एवढंच असतं की गुन्हा मी केला नाही, अमक्याने केला.

वाकळ: मग ‘दुसऱ्यावर आळ घेणे’?

खाडाखोड: ‘आळ’ म्हटलं की तो खोटाच, असं मराठी कान धरून चालतो. ‘खापर फोडणे’ आणि ‘गोवणे’ यांचंही तेच. ‘खोट्या गुन्ह्यात गोवलं’ हे तर बातम्यांतलं ठरलेलं वाक्य. ज्युरीने ठरवायची गोष्ट अनुवादकाने शब्दातच ठरवून टाकायची नाही. ‘अन्यकर्तृत्व’ही नको, गुन्हेगाराचा सत्कार चाललाय असं वाटतं. सरळ ‘गुन्हा दुसऱ्याने केल्याचा बचाव’ लिहा. एका शब्दाचा हट्ट असेल तर ‘परनिर्देश’, पण पहिल्या वापराला अर्थ द्यावा लागेल.

कलमदान: ‘विशेष बचाव’ चालेल, पण खरा घोटाळा ‘विशेष’मध्येच आहे. आपल्याकडच्या वाचकाला वाटतं, विशेष बचाव घेतला म्हणजे तो आरोपीने सिद्ध करायचा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ नुसार खासगी संरक्षणासारख्या अपवादांचा भार आरोपीवरच असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘विशेष’ म्हणजे आगाऊ कळवायचा. १९९५ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम ७८ पाहा. हाय कोर्टात प्राथमिक सुनावणीच्या किमान सात ‘क्लिअर’ दिवस आधी, आणि शेरीफ कोर्टात, म्हणजे खालच्या न्यायालयात, ज्युरीपुढचा खटला असेल तर ‘फर्स्ट डाएट’ला किंवा त्याआधी, लेखी सूचना द्यावी लागते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाची परवानगी काढायची.

वाकळ: ‘डाएट’?

कलमदान: सुनावणीची तारीख. पथ्यपाण्याशी संबंध नाही.

तळटीप: मग भार कुणावर?

कलमदान: सरकार पक्षावरच. १९७३ च्या लॅम्बी खटल्यात नेमका परनिर्देशाचाच बचाव होता. आरोपीने तो सिद्ध केला पाहिजे, त्याला पुष्टी देणारा पुरावाही हवा, अशा अर्थाचं मार्गदर्शन ज्युरीला झालं होतं. अपील न्यायालयाने ते चूक ठरवलं. बचावाच्या पुराव्याने, मग तो एकाच साक्षीदाराचा का असेना, वाजवी शंका निर्माण झाली तरी आरोपी सुटतो. ठळक अपवाद मानसिक विकाराच्या बचावाचा. तो कलम ५१अ प्रमाणे आरोपीने सिद्ध करायचा, पण शक्यतांचं पारडं झुकेल इतपतच. म्हणून ‘आरोपीने विशेष बचाव सिद्ध केला’ असं वाक्य सरसकट लिहू नका. ‘घेतला’ किंवा ‘मांडला’ लिहा.

तळटीप: बाकीचे प्रकार?

खाडाखोड: ‘ॲलिबाय’ म्हणजे गुन्ह्याच्या वेळी अन्यत्र असल्याचा बचाव. ‘सेल्फ-डिफेन्स’ला ‘स्वसंरक्षण’, पण ‘खासगी संरक्षणाचा हक्क’ नको. तो शब्द आपल्या संहितेचा आणि त्याच्या अटी वेगळ्या. स्कॉटलंडमध्ये जिवाला वा शरीराला तात्काळ धोका हवा, निसटायला वाजवी वाट नसावी आणि प्रतिकारात क्रूर अतिरेक नसावा. ‘कोअर्शन’ला ‘धाकदपटशा’. लैंगिक गुन्ह्यांत संमतीचा बचावही आगाऊ कळवावा लागतो. ‘ऑटोमॅटिझम’ म्हणजे स्वतःच्या कृतीवर ताबाच नव्हता असा बचाव; त्या शब्दाचं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नये. १९९१ च्या रॉस खटल्यात आरोपीच्या पेयात नकळत अमली पदार्थ मिसळले होते. त्याला ‘स्वयंचलितपणा’ म्हटलं तर वाचकाला धुलाई यंत्र आठवेल.

वाकळ: परनिर्देशाचं ठळक उदाहरण?

कलमदान: लॉकरबी. स्कॉटलंडमधल्या या गावावर २१ डिसेंबर १९८८ ला विमान बॉम्बने उडवून दिलं गेलं, २७० माणसं गेली. खटला नेदरलँड्समधल्या कॅम्प झाइस्टला, स्कॉटिश कायद्याने, पण ज्युरीविना तीन न्यायाधीशांपुढे चालला. दोन्ही लिबियन आरोपींनी पॅलेस्टिनी गटांकडे बोट दाखवणारा हा बचाव घेतला होता. ३१ जानेवारी २००१ ला मेग्राही दोषी ठरला, फहिमा सुटला. तेव्हा ‘बचाव घेतला म्हणून सुटला’ असंही लिहिता येत नाही.

सहआरोपीकडे बोट दाखवणारा पुरावा द्यायचा असेल तरी सूचना लागतेच, आणि ती त्या सहआरोपीलाही द्यायची.

तळटीप: ‘सात क्लिअर दिवस’ म्हणजे ‘पूर्ण सात दिवस’?

खाडाखोड: ‘मधले सात दिवस’. सूचनेचा आणि सुनावणीचा, दोन्ही दिवस सोडायचे. सुनावणी २० तारखेला असेल तर १३ ते १९ हे मधले सात, म्हणजे सूचना १२ ला पोचली पाहिजे. ‘सात दिवस आधी’ असं मोघम लिहिलंत तर वाचक १३ धरेल.

तळटीप: सूचनेत ‘विदाउट प्रेजुडिस’ असं असतं. ‘पूर्वग्रहाशिवाय’?

कलमदान: छे! ‘आरोपी गुन्हा नाकबूल करतो आणि त्या नकाराला बाध न येता असं सांगतो की…’ इथून पुढे ज्याने गुन्हा केला म्हणायचं त्याचं नाव.