गोल्फमध्ये लांब पटर वापरणं अन्यायाचं आहे का?

फेअरवे_पुणे
क्लबच्या मॅच प्लेमध्ये समोर एक ज्येष्ठ सभासद होते. पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, थेट छातीपर्यंत. एक मूठ वर, दुसरा हात खाली, आणि चार-पाच फुटांचे पट (पटरचे फटके) सरळ आत. तेवढ्याच अंतरावर माझे हात थरथरत होते. कॅडी हळूच म्हणाला, "साहेब, याच्यावर बंदी आहे ना?" कमिटीकडे जावं का?

पहाटेचा_टी
बंदी आहेच, १ जानेवारी २०१६ पासून. तिथल्या तिथे हरकत घ्यायची होती.

नियमवाला
बंदी पटरवर नाही, टेकवण्यावर आहे. पटर किंवा तो धरलेली मूठ अंगाला टेकवून ठेवायची नाही, कोपराखालचा हात अंगाशी दाबून वरच्या मुठीला टेकू द्यायचा नाही, हे नियम १०.१ब सांगतो. लांबीचं म्हणाल तर ४८ इंचांची मर्यादा बाकीच्या क्लबांना (काठ्यांना) आहे, पटरला नाही.

कीगन ब्रॅडलीने २०११ ची पीजीए चॅम्पियनशिप पोटाला टेकवलेल्या पटरने जिंकली. मेजरमध्ये, म्हणजे सर्वांत मोठ्या चार स्पर्धांमध्ये, असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्या वर्षी वेब सिम्पसनने यूएस ओपन आणि एर्नी एल्सने ब्रिटिश ओपन तशीच जिंकल्यावर आर अँड ए आणि यूएसजीए या नियम ठरवणाऱ्या संस्थांनी बंदीचा प्रस्ताव आणला. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने तेव्हा उघड विरोध केला होता. टेकवल्याने पट जास्त बसतात, हा बंदीचा आधार नव्हताच. क्लब दोन्ही हातांनी मोकळा फिरवणं म्हणजे स्ट्रोक, ही नियम ठरवणाऱ्यांची भूमिका, आणि ती मला पूर्ण पटते. दडपणाखाली हात सांभाळणं हाच तर पटिंगचा खेळ आहे!

लांब पटरच सगळं करतो असं मात्र नाही. अॅडम स्कॉट २०१३ चं मास्टर्स पटर छातीशी टेकवून जिंकला. बंदी आल्यावर २०१६ मध्ये छोट्या पटरने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकला.

फेअरवे_पुणे
पण त्यांची मूठ शर्टाला लागत होती. वाराही होता.

नियमवाला
नुसता स्पर्श झाला तर दंड नाही. टेकवून धरलेलं असेल तरच. २०१७ मध्ये लांब पटर वापरणाऱ्या बर्नहार्ड लँगरवर लोकांनी टीव्ही बघून हाच संशय घेतला होता, यूएसजीएने त्याची बाजू घेतली. पुढच्या वेळी बाजूला उभं राहून मूठ आणि छाती यांच्यात फट दिसते का बघा, आणि आधी त्यांनाच विचारा. ज्येष्ठ माणसाची तक्रार परस्पर कमिटीकडे नेऊ नका.

माझा खरा आक्षेप आर्म-लॉकवर आहे. ग्रिप पुढच्या हाताला कोपराच्या जवळपास चिकटवली की मनगट जागेवरच बंद. ब्रायसन डीशॅम्बोने २०२० ची यूएस ओपन अशीच जिंकली. नियमात बसतं, पण माझ्या लेखी तोही टेकूच. छातीचा चालत नाही तर हाताचा का चालावा?

पहाटेचा_टी
मी आर्म-लॉकच वापरतो. यिप्समुळे, म्हणजे पट मारताना हात अचानक झटका खायचे म्हणून, दोन फुटांचे पट चुकायचे, खेळ सोडायच्या बेतात होतो. मनगट बंद झालं तरी ग्रीनचा (भोकाभोवतीच्या हिरवळीचा) उतार वाचणं आणि वेग माझ्याकडेच आहे की.

नियमवाला
यिप्सचा त्रास मी जवळून पाहिलाय, म्हणून वाईट वाटतं. तरी आधी क्लॉ ग्रिप (खालचा हात पंज्यासारखा) करून बघा, नाहीतर हात उलटे धरा, वरचा खाली आणि खालचा वर. नियम बदलेपर्यंत आर्म-लॉक तुमचा हक्क आहे, समोर खेळताना मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. बदलावा म्हणून मात्र बोलत राहणार.