पेशंटचा गाउन कसा शिवावा?

पंचवटीत माझं शिवणाचं दुकान आहे. सासूबाई जन्मभर नऊवारीत वावरल्या. गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांना मागून उघडा गाउन दिला. सोनोग्राफीला नेताना त्या दोन्ही हातांनी पाठ झाकत होत्या. ते डोळ्यांसमोरून जात नाही. मेनरोडवरून सुती कापड आणलंय. कट कसा घेऊ?

सिडकोतली नर्स:
ताई, मागची उघड लागतेच. बेडपॅन द्यायचं, पाठीवर जखम होतेय का बघायचं, तर पेशंटला उचलावं लागत नाही. पण मागचे दोन्ही पदर चांगले वीतभर एकमेकांवर येऊ द्या. बांधायचे बंद कुशीवर घ्या, पाठीवरची गाठ झोपल्यावर टोचते. खांदे शिवून टाकू नका, बंदांनी बांधायचे ठेवा, म्हणजे सलाईन चालू असतानाही गाउन बदलता येतो. धातूची बटणं नकोच, एमआरआयला चालत नाहीत.

गंगापूर रोडवरून:
अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या हॉस्पिटलने २०१० मध्ये डायान फॉन फर्स्टनबर्ग या डिझायनरकडून असाच गुंडाळायचा गाउन करून घेतला होता.

पंचवटी:
वेल्क्रो टाळते, धुण्यात धागे धरतो. कापड आधी भिजवून आटवते. सासूबाईंची एकच अट आहे, लांबी पोटरीखाली हवी.