मदत हवी आहे: मिग-२१ च्या जुन्या डिकॅल शीटचं काय करू?

मंडळी, १:७२ मधलं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचं मॉडेल बनवतोय. एका मित्राचे वडील ओझरच्या एचएएलमधून (विमान कारखान्यातून) निवृत्त झाले. ही विमानं तिथेच बांधली जायची, म्हणून मॉडेल काकांना भेट द्यायचंय. किट दुसऱ्या मित्राने स्वतःच्या साठ्यातून काढून दिलं, पैसे घ्यायला तयारच नाही!

अडचण डिकॅल्सची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांची. शीट पिवळी पडलीय. कोपऱ्यातला नको असलेला आकडा भिजवून पाहिला, तर पाण्यातच तुकडे झाले. एकजण म्हणतो, शीटवर क्लिअर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) पातळ हात मार, मग प्रत्येक डिकॅल कडेने कापून भिजव. दुसरा म्हणतो, आधी शीट खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेव, पिवळेपणा जाईल. दोन्ही पटतंय, पण आधी काय करू? नाशकात सध्या ऊन नाही, आणि अशा दमट हवेत लॅकर पांढरट पडतं. नवरात्रापर्यंत थांबू का?

मॉडेल चंदेरी आहे, त्यामुळे डिकॅलची पिवळी कड लगेच दिसेल. कुणाकडे १:७२ चे भारतीय राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) आणि शेपटीवरचा तिरंगा शिल्लक आहे का? गंगापूर रोड, सिडको, कुठेही येऊन घेईन. बदल्यात माझ्याकडची मॉडेलची जादा क्षेपणास्त्रं, इंधनाच्या टाक्या हव्या त्या घ्या.