घोडबंदरचा सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळला तर कोंडी सुटेल की वाढेल?

वाघबीळवाला

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याची ही योजना: माजिवड्यापासून गायमुखापर्यंत दोन्ही बाजूंचे सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचे, सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्ता यांच्या मधली पट्टी काढायची आणि दर बाजूला तीनाचे पाच पट्टे करायचे. सोसायट्यांच्या ग्रुपवर यावर रोज रण माजतंय, पण तिथे नुसते अंगठे वर-खाली होतात. म्हणून हा धागा.

माझं मत विरोधात आहे. रस्ता अरुंद आहे म्हणून कोंडी होत नाही, तो जिथे कापला जातो तिथे होते. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल आहेत, त्यामुळे सरळ जाणारा वरून सुटतो. पुढे गायमुखाचा घाट आहे. न्हावा-शेव्याहून आणि भिवंडीच्या गोदामांतून गुजरातकडे निघालेला भरलेला ट्रेलर तो चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढतो. सपाट रस्त्यावरही एक ट्रेलर साडेचार मोटारींएवढा धरतात, चढावर त्याहून जास्त. असा एक ट्रेलर घाटात बंद पडला की मागे पाच पट्टे असोत नाहीतर आठ, सगळे तुंबणार. नरसाळ्याचं तोंड रुंद केलं म्हणून नळी रुंद होत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ६० ने येणाऱ्या मोटारीला समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात ती १७ मीटर पुढे येते. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ३७. ताशी ४० ला हेच अंतर २० मीटर, म्हणजे जवळपास निम्मं. सर्व्हिस रोडवर गाड्या २०-२५ च्या वेगाने चालतात, म्हणून तिथे शाळेची बस थांबते, सिलिंडरचा टेम्पो उभा राहतो, माणूस रिक्षा पकडतो. मधली पट्टी गेली की सोसायटीचं गेट थेट ६० च्या वाहतुकीवर उघडणार.

साडेतीन_मीटर

नरसाळं छान आहे, पण हिशेब चुकतोय. घोडबंदरवर गाडी अडवतो तो सिग्नल, आणि सिग्नलवर रुंदीला थेट किंमत असते. आपल्याकडचा जुना ठोकताळा असा: हिरवा दिवा पूर्ण तासभर चालू राहिला असं धरलं तर दर मीटर रुंदीमागे सुमारे ५२५ मोटारी जातात (बस-ट्रक-बाईक सगळं मोटारींत बदलून). साडेतीन मीटरचे तीन पट्टे म्हणजे १०.५ मीटर. उदाहरणासाठी १८० सेकंदांच्या फेऱ्यात मुख्य रस्त्याला ७० सेकंद हिरवा धरू. ताशी २,१४० मोटारी सुटतील. सर्व्हिस रोडचे ७ मीटर मिळवले की रुंदी १७.५ आणि ताशी ३,५७०. दीडपटीहून जास्त वाढ झाली.

शिवाय ज्या सर्व्हिस रोडवर तुम्ही एवढे हळवे होताय, त्याचं आजचं काम काय? अर्धा पार्किंग, पाव चायनीजच्या गाड्या, उरलेला राँग साइड. त्या जमिनीचा वापर वाहतुकीसाठी व्हायला नको का?

कासारवडवली_कट

@साडेतीन_मीटर, पाचही पट्टे रिकामे मिळतील हे तुम्ही गृहीत धरलंय. डावीकडच्या पट्ट्यात रिक्षा उभ्या राहणार, टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस थांबणार, आणि केकच्या दुकानासमोर एक मोटार 'दोनच मिनिटं' इंडिकेटर लावून उभी असणार. मग पाचातले साडेतीन उरले.

राँग साइडचं म्हणाल तर तो नुसता शिस्तीचा प्रश्न नाही, आखणीचाही आहे. दुकान गेटपासून दीडशे मीटर मागे आणि नियमाने जायचं तर पुढच्या कटपर्यंत जाऊन दोनदा वळून परत यायचं. माणूस मग उलटा जाणारच. आज तो सर्व्हिस रोडवर उलटा येतो. याचे २०, समोरच्याचे २५, बहुतेक वेळा निभावतं. पट्टी काढल्यावर तो मुख्य रस्त्यावर उलटा येईल. याचे ३० आणि समोरच्याचे ६०, बेरीज तुम्हीच करा.

टीएमटी_१२_मीटर

बसचा मुद्दा कुणीच नीट मांडत नाहीये. आत्ता बस मुख्य रस्त्यावर थांबते आणि प्रवासी पट्टीवर किंवा गटाराच्या झाकणावर उभे असतात. मधली पट्टी काढली तरी बससाठी खाच ठेवावीच लागेल. खाच ३ मीटर खोल, बस उभी राहायला १५ मीटर लांबी, आत शिरायला आणि बाहेर पडायला १:६ ची तिरपी बाजू, म्हणजे १८ आणि १८. एकूण ५१ मीटर. त्यातही चौकापासून निदान ७५ मीटर लांब हवी, नाहीतर थांबलेल्या बसची शेपटी चौकात. एवढी सलग जागा गेट, ट्रान्सफॉर्मर आणि मेट्रोच्या जिन्यांमधून कुठे सापडते ते नकाशावर दाखवा, मग मी विलीनीकरणाला हात वर करतो.

तिरपी बाजू लहान ठेवली की काय होतं ते ठाण्यात कुठेही दिसतं. चालक बस पूर्ण आत घेतच नाही, कारण आत घेतली तर कुणी बाहेर पडू देत नाही. पुढचं दार खाचेत, मागचं चाक दुसऱ्या पट्ट्यात.

पाणी_उतार

सगळे गाड्या मोजताय. थोडं पाणी मोजू.

रस्त्याला आडवा उतार असतो, डांबरी रस्त्याला अडीच टक्क्यांपर्यंत. दुभाजकापासून १०.५ मीटरवर कडा २६ सेंमी खाली जाते आणि पाणी मधल्या पट्टीजवळच्या गटारात पडतं. पट्टी काढून तोच उतार १७.५ मीटरपर्यंत नेला तर कडा ४४ सेंमी खाली. पण सर्व्हिस रोडची आजची पातळी सोसायट्यांच्या गेटांना बांधलेली आहे, ती हवी तेवढी खाली-वर होत नाही. मग कंत्राटदार सोपा मार्ग काढतो: दोन्ही रस्ते आहेत त्या पातळीला ठेवायचे आणि सांधा डांबराने भरायचा. तो सांधा चालण्याच्या दिशेनेच लांबच लांब पळतो. आडवी पायरी बाईकला नुसती उडवते, पण लांबीतली तीन-चार सेंमीची पायरी चाक धरून ठेवते. पट्टा बदलताना हँडल वळतं आणि चाक वळत नाही. त्या जागी येतोय मधला पट्टा, म्हणजे सगळ्यात जास्त पट्टे बदलायची जागा.

आणि जुनं गटार? ते आता रस्त्याच्या पोटात राहणार. चेंबरची झाकणं चाकाखाली येणार. फुटपाथवरचं हलकं झाकण ट्रेलरखाली टिकत नाही. चौकट खचते, भोवतालचं डांबर गोल तुटतं, आणि पहिल्या पावसात तिथे घमेलं तयार. पाण्याची लाइन, मलवाहिनी, गॅस, विजेच्या केबल, यातलं बरंच सर्व्हिस रोडखाली असतं. उद्या गळती लागली की बॅरिकेड मुख्य रस्त्यावर लागेल.

साडेतीन_मीटर

@पाणी_उतार, एकदम मान्य. पण ही वाईट कामाची तक्रार झाली, कल्पनेची नाही. काँक्रीटचं नवीन गटार कडेला न्या, जुन्याला भराव द्या, सेवावाहिन्या आधी हलवा, मग वरून सलग थर टाका. क्रम पाळला तर सांधा राहतच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ कलम आलंय. आखणी किंवा बांधणी मानकाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड.

मॅस्टिकमहाराज

एक लाख! एवढ्यात तर गणपतीच्या आदल्या रात्रीच्या खड्डेभरतीची खडीसुद्धा येत नसेल.

ब्रह्मांड_आजी

पायी चालणाऱ्यांचं कुणी बोलेल म्हणून वाट पाहत होते. सिग्नलच्या हिशेबात माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. आजचे १०.५ मीटर ओलांडायला ९ सेकंद, मग दुभाजक, मग पुन्हा ९. पाच-पाच पट्टे झाले की ३५ मीटर, म्हणजे २९ सेकंद. आणि १.२ ही तरण्याताठ्यांची चाल झाली. गुडघे दुखणारी बाई ०.८ ने चालते, तिला ४४ सेकंद लागतात. तेवढा वेळ तुम्ही देणार नाही, कारण त्या ४४ सेकंदांत मुख्य रस्ता बंद ठेवावा लागेल. मग तुमचे ३,५७० कुठून येतील, साडेतीन मीटर साहेब?

पादचारी पूल आहे ना, असं म्हणू नका. जिन्यावरून पिशवी घेऊन सहा मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं, तर माणूस रेलिंगच्या फटीतून जातो. लिफ्ट बसवली तर ती चालू ठेवायला माणूस नेमावा लागतो, ते कंत्राटात आहे का ते आधी बघा.

वाघबीळवाला

आजींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. त्यात भर: आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीलाही २१ ऐवजी ३५ मीटर पार करायचे. ताशी ३० ने अडीच सेकंदांऐवजी सव्वाचार. म्हणजे चारही बाजू लाल ठेवायचा वेळ वाढवावा लागतो, नाहीतर चौकात उरलेली रिक्षा आणि हिरवा मिळालेला ट्रेलर समोरासमोर. रुंदीतून कमावलेलं थोडं तिथेच परत जातं.

माझा पर्याय रंगाचा आणि दगडाचा आहे. चौकातला उजवीकडे वळण्याचा वेगळा हिरवा बंद करा. त्याचे २०-२२ सेकंद आणि दिवा बदलताना वाया जाणारे ४, म्हणजे अंदाजे २५ सेकंद मुख्य रस्त्याला द्या. ७० चे ९५ झाले. त्याच १०.५ मीटरमधून ताशी २,९१०. एकही झाड न तोडता ३६ टक्के वाढ. उजवीकडे जाणाऱ्याने सरळ पुढे जाऊन उड्डाणपुलाखालून वळून यायचं.

टीएमटी_१२_मीटर

आणि जिथे पुढे उड्डाणपूल नाही तिथे? बारा मीटरच्या बसला एका दमात उलटं वळायला २२ ते २४ मीटर रुंदी लागते. दुभाजक ३ धरला तरी ३ आणि १०.५, साडेतेराच मीटर. बस दोनदा मागे-पुढे करेल आणि तेवढा वेळ तिन्ही पट्टे बंद. यू-टर्न फक्त हलक्या गाड्यांना ठेवा, आणि दुभाजकाच्या आतून वळणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा काढा. आजचे बरेचसे कट नुसते दुभाजक फोडून केलेले आहेत. वळणारी मोटार नाक वळवून उभी राहते आणि तिची डिकी वेगवान पट्ट्यात.

कासारवडवली_कट

वाघबीळवाले, तुमच्या पर्यायात माझी दुरुस्ती. सर्व्हिस रोड ठेवायचा, पण आहे तसा नको. मुख्य रस्त्यावर शिरायची तोंडं कमी करायची. आत्ता जिथे पट्टी फुटली तिथे वाट झालीय आणि दर तोंडाला कुणीतरी काटकोनात घुसतो. थोडी तोंडं ठेवा, पण प्रत्येकाला पुढे ५०-६० मीटर वेग घ्यायची निमुळती जागा द्या.

जिथे आडवी गल्ली सर्व्हिस रोडला मिळते तिथे झेब्रा फुटपाथच्या पातळीला उचला: उंची १० सेंमी, वरचा सपाट भाग ३ मीटर, दोन्हीकडे सव्वा-दीड मीटरचा उतार. कृपया बोल्टने ठोकलेले रबरी गतिरोधक नकोत. रबर वर्षभरात फाटतं आणि बोल्ट मात्र तसेच उभे राहतात. साधा गतिरोधकही मापात हवा. ३.७ मीटर लांब, मधे १० सेंमी उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा कंस. त्याने वेग २५ वर येतो, कंबर मोडत नाही. आपल्याकडे उंची तेवढीच ठेवतात आणि लांबी मीटरभर. मग रिक्षा कडेच्या गटारावरून एक चाक घालून निघते.

साडेतीन_मीटर

२,९१० चा आकडा मी मान्य करतो, कागदावर. पण तुम्ही आजचीच वाहतूक धरताय. टिकुजिनीवाडीकडून बोरिवलीच्या मागाठाण्याला जाणारा जोडबोगदा सुरू झाला की त्याच्या तोंडाशी येणाऱ्या गाड्या याच रस्त्यावरून येणार-जाणार. त्या वेळी २,९१० पुरले नाहीत तर पुन्हा खोदकाम काढणार का?

ब्रह्मांड_आजी

आणि मेट्रो सुरू झाली की मानपाडा, डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली, प्रत्येक स्थानकाच्या जिन्याखाली माणसांचा लोंढा उतरणार, त्याला रिक्षा लागणार. त्या रिक्षा तुमच्या पाचव्या पट्ट्यात उभ्या राहणार की चौथ्या, एवढं सांगा.

साडेतीन_मीटर

स्थानकांच्या आजूबाजूला दोनशे-दोनशे मीटर सर्व्हिस रोड वेगळा ठेवायला माझी हरकत नाही. बाकी ठिकाणी मिसळा.

पाणी_उतार

म्हणजे रस्ता पाच, तीन, पाच, तीन असा फुगत-आक्रसत जाणार. मधल्या पट्टीत जिथे मेट्रोचा खांब उभा आहे, तिथे तर पट्टी काढली तरी खांब राहणारच. ६० ने येणाऱ्याला चौथा पट्टा अचानक खांबात संपलेला दिसेल. दर आकुंचनाआधी पट्टा संपल्याच्या तिरप्या रेषा, अडीच मिलिमीटर जाडीचा थर्मोप्लास्टिक रंग, चमकणारे खिळे आणि खांबाभोवती धक्का झेलणारा कठडा, हे सगळं लागेल. आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा लागेल. त्याचा देखभालीचा खर्च विलीनीकरणाच्या अंदाजपत्रकात घातलाय का, ते सांगा. मग पुढचं बोलू.