डॉन पास्क्वाले: म्हाताऱ्याला थोबाडीत बसली ते बरं झालं का?

तिसरी घंटा
रविवारी डोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराचा 'डॉन पास्क्वाले' हा विनोदी ऑपेरा पुन्हा पाहिला. तिसऱ्या अंकापर्यंत पोट धरून हसत होते, मग एका जागी हसूच येईना. म्हणून हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट. रोममधला सत्तरीचा, पैसेवाला, बिनलग्नाचा पास्क्वाले. पुतण्या एर्नेस्तोचा जीव जडलाय नोरिना या तरुण विधवेवर. काकांनी आणलेलं श्रीमंत स्थळ तो नाकारतो, म्हणून काका त्याला घराबाहेर काढतात आणि वारस हवा म्हणून स्वतःच गुडघ्याला बाशिंग बांधतात. पास्क्वालेचा मित्र, पण आतून तरुणांच्या बाजूचा डॉक्टर मालातेस्ता त्याची खोड मोडायला नोरिनालाच आपली कॉन्व्हेंटात वाढलेली बहीण 'सोफ्रोनिया' म्हणून समोर आणतो. नोटरी खोटा, लग्न खोटं. सही होईपर्यंत लाजून चूर झालेली मुलगी सही होताच घर डोक्यावर घेते. कारभाऱ्याचा पगार दुप्पट, बग्गी, घोडे, जवाहिरे, बिलांचा ढीग. नटूनथटून एकटीच नाटकाला निघते. तो वाट अडवतो, तर ती सणसणीत ठेवून देते आणि वर 'आजोबा, जाऊन झोपा' म्हणते.

माझं मत: फसवा, लुटा, पण म्हाताऱ्यावर हात? तिथे हे तरुण माझ्या मनातून उतरले.

बोरकूट
एवढा कळवळा? या गृहस्थाने नोरिनाला आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही, म्हणून तर सोंग खपलं! न बघताच तिला नापास केलं आणि पुतण्याला रस्त्यावर आणलं.

आणि त्याला बायको कशी हवी होती? पहिल्या भेटीत तो नाटकाचा विषय काढतो. ती म्हणते, ते काय असतं मला ठाऊक नाही, जाणूनही घ्यायचं नाही. म्हातारा खूश! ज्या उत्तरावर भाळला, तेच लग्न लागताच उलटलं. बायको नव्हे, मुकी मोलकरीण हवी होती त्याला.

खर्जातला सा
दोघंही फक्त गोष्टीवर भांडताय. जरा कान द्या. थप्पड बसते आणि तोवर धावत असलेलं संगीत एकदम थबकतं. पास्क्वाले अडखळत, दबक्या आवाजात गातो की संपलं सगळं, आता जाऊन जीव द्यावा. आणि नोरिना? ती स्वतःशीच कबूल करते की धडा जरा कडकच झाला. म्हणजे तिसरी घंटा, तुम्हाला जिथे हसू आलं नाही तिथे ते येऊ नये अशीच रचना आहे. ३ जानेवारी १८४३ ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा पास्क्वालेचं काम लुईजी लाब्लाश या गायकाने केलं. धिप्पाड माणूस, बुलंद आवाज. तसला देह एका चापटीने खचताना कसा दिसला असेल, विचार करा.

बोरकूट
संगीतकाराला दया आली म्हणून म्हातारा निर्दोष ठरत नाही हो. दया मलाही आली. बाजू बदलली नाही.

पिंपळपान
आपल्याकडे हा विषय निघाला की 'शारदा' आठवते. देवलांचं नाटक १८९९ चं, 'अवघे पाऊणशे वयमान' असलेला नवरदेव. तिथे भुजंगनाथाला कुणी थोबाडलं असतं तर अख्खं थिएटर उभं राहिलं असतं.

तिसरी घंटा
@पिंपळपान, तुलना ओढूनताणून वाटते. शारदेला बापच पैशासाठी विकतोय, तिला विचारतो कोण! नोरिना जाणती, स्वतंत्र बाई आहे, लग्नाचं सोंग तिने आपखुशीने घेतलंय. इथे कात्रीत सापडलाय तो म्हातारा.

@खर्जातला सा, हे मात्र पटलं. ती जागा पुन्हा ऐकली. नोरिनाचा तो 'कडक' शब्द माझ्या कानांतून निसटला होता. तिच्यावरचा राग अर्धा उतरला. उरलेला मालातेस्तावर. पास्क्वाले त्याला मित्र समजतो, सल्ला मागतो, आणि हा त्याच्याच दिवाणखान्यात चुलतभावाला नोटरी करून बसवतो.

बोरकूट
मालातेस्ताला बोलू नका, त्याच्यामुळे तर नाटक आहे. एर्नेस्तोने काय केलं ते सांगा. निम्म्या वेळ त्याला कटच माहीत नाही, तो निरोपाची गाणी गातोय! मग साक्षीदार म्हणून सही ठोकतो, बागेत गिटारीच्या साथीवर गोड गातो, आणि शेवटी बायको अधिक काकांकडून तनखा. वर नोरिना पुढे येऊन सांगते, म्हातारपणी लग्न करणाऱ्याचं डोकं फिरलेलं असतं. आणि पास्क्वालेच आशीर्वाद देतो!

तिसरी घंटा
देतो, कारण बायको खोटी होती हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडलेला असतो. नशीब म्हणायचं.

खर्जातला सा
दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्या 'निरोपाच्या गाण्या'आधी ट्रम्पेट वाजतो, त्यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. एर्नेस्तोला निकम्मा म्हणायच्या आधी तेवढा एकदा ऐका, बोरकूट.