‘एजिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: साकीनाक्याला आमचं सीएनसीचं काम आहे, ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचे जॉब (सुटे भाग) असतात, ७०७५ हा एक मजबूत मिश्रधातू. नवीन पोरांना टी-६ (तापवून, क्वेंचिंग म्हणजे पाण्यात झटकन थंड करून, मग एजिंग म्हणजे बेताच्या उष्णतेवर ठेवून कडक केलेला धातू) काय असतं ते मराठीत सांगायचंय. एजिंगला कोणी ‘वार्धक्य’ सुचवतं, कोणी ‘जरण’. आणि क्वेंचिंगला ‘पाणी देणं’ चालेल का?

– दादा, वार्धक्य नकोच, म्हातारपणात ताकद जाते आणि इथे तर वाढते! मी ‘मुरवणं’ म्हणेन. ४८० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवलं की जस्त, मॅग्नेशियम, तांबं अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं, मग पटकन पाण्यात टाकलं की त्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते आतच अडकतात, आणि नंतर १२० अंशांवर साधारण २४ तास ठेवलं की हळूहळू गोळा होऊन त्यांचे काही नॅनोमीटरचे कण बनतात. धातू वाकतो तेव्हा स्फटिकातली डिसलोकेशन्स (अणूंच्या मांडणीतले रेषेसारखे दोष) सरकत असतात, त्यांना हे कण अडवतात. मऊ केलेल्या ७०७५ ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) १०० मेगापास्कलच्या आसपास, टी-६ ची ५००. सगळी करामत त्या मुरण्याची.

– मुरवणं एकदम पटलं. ‘पाणी देणं’ मात्र नको, पोरं फसतील. कोयत्याला पाणी दिलं की तो तिथल्या तिथे कडक होतो, पोलादात मार्टेन्साइट नावाची कडक रचना बनते ना. अ‍ॅल्युमिनियम पाण्यातून निघतं तेव्हा मऊच असतं, म्हणून तर विमानाचे ‘२०२४’ नंबरच्या मिश्रधातूचे रिव्हेट क्वेंच करून फ्रीझरमध्ये ठेवतात, मुरायच्या आत ठोकता यावेत म्हणून. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाला हेच दिसलं, क्वेंच केलेला तुकडा नुसता ठेवून दिला तर काही दिवसांत कडक झाला. याचा थेट पुरावा मिळायला १९३८ उजाडलं, गिनिए आणि प्रेस्टन या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून एक्स-रेने ते अणूंचे पुंजके पकडले.

प्रश्न: मग टी-७३ ला काय, जास्त मुरलेलं?

– हो, ‘जास्त मुरवलेलं’, पण ‘शिळं’ कधीच म्हणू नका, ते मुद्दाम केलेलं असतं. दुसऱ्या टप्प्यात १६० ते १७५ अंशांवर ठेवतात, कण मोठे आणि विरळ होतात, ताकद १०-१५ टक्के उतरते. पण ताणाखाली असताना गंजून तडे जायची भीती खूप कमी होते, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ते फार मोलाचं आहे. ड्रॉइंगवर टी-७३ असेल तर जास्त स्ट्राँग म्हणून टी-६ चा माल अजिबात लावू देऊ नका.