आईला ६३ व्या वर्षी एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार)? असं होतं का?

वर्षभरापासून आईचा उजवा पाय जड झालाय, चप्पल पायातून निसटते तरी तिला कळत नाही. आधी सगळे म्हणाले वय झालं, मणक्याचं असेल, मग मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके निघाले आणि आता न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात एमएस असू शकतो. मानेचा एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढायची टेस्ट सांगितलीय. एमएस तर तरुण वयात होतो ना? पाण्याच्या टेस्टला आई खूप घाबरतेय, नाही केली तर चालेल का?

— मेघा_नाशिक

ताई, होतो. बहुतेकांना २० ते ४० मध्ये सुरू होतो पण पन्नाशीनंतरही होतो, माझ्या वडिलांना साठीच्या जवळ झाला. घोळ असा की बीपी-शुगरवाल्या वयस्कर माणसांच्या मेंदूत तसेही ठिपके दिसतात, पण मज्जारज्जूत नुसत्या वयामुळे ते येत नाहीत, म्हणून मानेचा एमआरआय अजिबात टाळू नका. मानेत नस दबली असेल तर तीही त्यातच कळेल. पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (मेंदू-मज्जारज्जूत सूज असल्याची खूण देणारी प्रथिनं) सापडले तर निदानाला बळ मिळतं. कमरेत जागा बधिर करून सुई घालतात, बाबांचं नंतर डोकं दुखलं, पडून राहिल्यावर थांबलं. आईंना हे आधीच नीट सांगा, भीती निम्मी होते.

— सातारकर

बी१२ बघितलंय का? ते कमी असलं तरी पाय असेच होतात.

— अनघा_के

बी१२ नॉर्मल आहे. एमएसच निघाला तर औषध आहे का?

— मेघा_नाशिक

या वयात एमएसचा अटॅक येऊन जाण्यापेक्षा (लक्षणं अचानक वाढून ओसरण्यापेक्षा) हळूहळू वाढत जाणारा प्रकार जास्त दिसतो. त्यावर ऑक्रेलिझुमॅब आहे, अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालं, पण त्या प्रकारच्या मुख्य ट्रायलमध्ये ५५ पर्यंतचेच पेशंट घेतले होते. त्यामुळे आईंना फायदा किती आणि इन्फेक्शनचा धोका किती हे डॉक्टरांना स्पष्ट विचाराच. निदान झालंच तर एक लक्षात ठेवा, पाय एकदम जास्त जड झाला तर ताप आहे का बघा आणि लघवी तपासून घ्या, युरिन इन्फेक्शननेही तसं होतं आणि ते बरं झालं की पाय बहुतेक पहिल्यासारखा होतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे, सर्टिफिकेटचं नंतर बघता येईल. चप्पल मात्र आजच बदला, मागे पट्टा असलेली घ्या, आणि रिपोर्टची वाट न बघता फिजिओला दाखवा, पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट मिळतो, पडणं वाचतं.

— फिजिओ_पुणे